सहा आवाज आणि सीप्झमधलं देऊळ



संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आमच्या बॅचला ठाऊक आहे, मला नमस्कारालाच तेवढी लागतात. तरी प्रयत्न करते.

मी चर्चच्या कॉयरमध्ये गाते. आज एका रेकॉर्डिंगविषयी बोलणार आहे. मान्युएल कार्दोसो या पोर्तुगीज संगीतकाराचं ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांसाठीच्या मिस्साचं संगीत, इंग्लंडच्या टॅलिस स्कॉलर्स या गायकवृंदानं १९९० च्या सुमारास ध्वनिमुद्रित केलं. पॅलेस्ट्रिनाचं नाव संगीताच्या कुठल्याही पुस्तकात सापडतं, कार्दोसोचं क्वचित. तो लिस्बनच्या कार्मेलाइट मठातला साधू.

यात वाद्य एकही नाही. आपल्या भजनात सगळे एकच चाल म्हणतात. इथं सहा आवाज आणि प्रत्येकाची वाट वेगळी. एक आवाज जुनी चाल लांब सुरांत धरून ठेवतो, बाकीचे तिच्याभोवती फिरतात. सुरुवातीलाच असा एक स्वरमेळ येतो की कुणीतरी बेसूर झालं असं वाटतं. झालेलं नसतं. आमच्या कॉयरनं तो प्रयत्न केला तेव्हा मात्र खरोखरच झालं होतं.

याचा अंधेरीशी संबंध काय? सीप्झच्या कुंपणाआड सेंट जॉन द बाप्टिस्टचं पडकं देऊळ आहे. आम्ही ईस्ट इंडियन लोक चर्चला देऊळच म्हणतो. ते जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलं, तेव्हा कार्दोसो बारा-तेरा वर्षांचा होता. त्याच वर्षी फादर स्टीफन्स गोव्यात उतरले, पुढं मराठीत क्रिस्तपुराण लिहिणारे. १८४० च्या सुमारास साथीमुळे गाव उठलं, देऊळ ओस पडलं. १९७३ मध्ये भोवती सीप्झ आलं. आता वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथं मिस्सा होते.

१ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनमध्ये भूकंप झाला, मागोमाग आग लागली. राजाचा प्रचंड संगीतसंग्रह जळाला. त्याच्या यादीचा एक भाग १६४९ मध्ये छापलेला होता, म्हणून काय काय गेलं ते निदान नावानिशी कळतं. कार्दोसोचं रेक्विएम १६२५ च्या छापील पुस्तकात होतं आणि त्याच्या प्रती इतरत्र होत्या, म्हणून ते वाचलं.

आमच्या गावठाणातली लग्नातली, उंबराच्या पाण्याची गाणी कुठल्या पुस्तकात नाहीत. घुमटावर ती म्हणणाऱ्या सात जणी होत्या, आता तीन उरल्या. थोरल्या मावशी ८६ वर्षांच्या. आम्ही मोबाइलवर १९ गाणी घेतली आहेत. त्यांत पंख्याची घरघर आहे, कुकरची शिट्टी आहे. सोळाव्या गाण्यात मावशींना एक ओळ आठवली नाही. त्यांनी हातानंच ‘पुढं चला’ म्हटलं. बाकीच्या दोघींनाही ती येत नव्हती.

आपल्या बॅचमधले दोघं ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहेत. नावं घेत नाही, तिसऱ्या रांगेत बसून खाली बघतायत. मला त्यांचा एक रविवार आणि दोन चांगले माइक हवे आहेत, पावसाळ्याआधी. जेवण आमच्याकडे. मावशी अकराच्या आधी गात नाहीत, आणि पंखा बंद ठेवायला त्या तयार आहेत.