आडनाव काय?

मी या शहरात खोल्या-प्लॉटची दलाली करतो. 2023 ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, घरमालकाचा पहिला सवाल मात्र तोच. आडनाव काय? भाडं, डिपॉझिट नंतर. तोंडावर जात कुणी काढत नाही. 'शाकाहारीच पाहिजे' म्हणतात. (त्याच घरात मटणाचा वास मी घेतलाय.)

बाबासाहेबांनी 1950 ला इथं मिलिंद कॉलेज काढलं. तिथं शिकायला आलेल्या आपल्या पोरांना मीच सांगितलं, 'खोली गेली.' गेली नव्हती. मालक तुटेल म्हणून मी खोटं बोललो.

मग ही माणसं जातात कुठं? गुंठेवारीत. प्लॉट बाँडपेपरवर, त्यामुळं कर्जाला बँक दारात उभं करत नाही. 2001 चा गुंठेवारी कायदा अशी घरं नियमित करतो, पण त्याचेही पैसे भरा!

1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. अस्पृश्यता पाळून कुणाला कुठल्याही वस्तीत राहायला अडवलं तर तो गुन्हा. आता मालकानं आडनाव विचारलं की मी म्हणतो, 'नकार लिहून द्या.' एकानंही लिहून दिलेलं नाही. दोघांनी खोली दिली. चार मालक तुटले.