प्रतापगडाच्या पायथ्याशी तिबेटी गाव
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडचा एखादा मुलगा परदेशी निघाला, की आईचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो. ती विचारते, ‘बाबा, राहशील कुठं?’ आणि हा प्रश्न खराच अवघड असतो. तिकडचा घरमालक पगाराची पावती मागतो, आधीच्या घरमालकाचं पत्र मागतो, बँकेतला जुना व्यवहार पाहतो. नुकत्याच उतरलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. मग ओळखीतली ओळख काढून कुणा मराठी माणसाच्या घरी चार दिवस पथारी टाकायची आणि तिथून शोध सुरू करायचा. ही गोष्ट आता घरोघरची झाली आहे.

आज मला उलट दिशेच्या प्रवासाबद्दल बोलायचं आहे. परदेशातून निघून, आपल्या जिल्ह्यात घर करून राहिलेल्या माणसांबद्दल. त्यांच्याकडे पगाराची पावती नव्हती, पासपोर्ट नव्हता, आणि परत जायचा रस्ताही बंद झालेला होता.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ, प्रतापगडाच्या परिसरात तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिचं नाव नोर्ग्येलिंग. नोर म्हणजे संपत्ती, ग्ये म्हणजे वाढणं आणि लिंग म्हणजे ठिकाण. भरभराटीची जागा, असा त्याचा अर्थ. आपण मात्र तिला सरळ ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतो. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेला जाणाऱ्यांनी तिथल्या पाचरंगी पताका पाहिल्या असतील. पाहतो आणि पुढे जातो. ही माणसं इथं कशी आली, घरं कशी झाली, हे विचारायचं राहून जातं.

थोडा मागचा इतिहास सांगायला हवा. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा ल्हासाहून निघाले आणि ३१ मार्चला भारताच्या हद्दीत आले. त्यांच्या मागोमाग हजारो माणसं हिमालय ओलांडून उतरली. आसामात मिसामारीला आणि बंगालात बक्सा इथं छावण्या उघडल्या गेल्या. मदतीसाठी आचार्य कृपलानींच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. पण थंड, कोरड्या पठारावरची ही माणसं आसामच्या दमट उन्हाळ्यात भराभर आजारी पडू लागली. तेव्हा पुष्कळांना हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर पाठवलं गेलं. रस्ता पुढे सरकेल तसा तंबू पुढे सरकायचा. घर म्हणजे काय, तर ताडपत्रीचं छप्पर आणि चुलीचे तीन दगड. त्यातच मुलं जन्मली आणि वाढली.

हे किती दिवस चालणार? तिबेटात लवकर परतता येत नाही हे दिसू लागलं, तेव्हा राज्यांकडे जमीन मागण्यात आली. १९६० साली कर्नाटकात, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, बैलकुप्पे इथं पहिली मोठी वसाहत सुरू झाली. मग सरगुजातलं मैनपाट, ओडिशातलं चंद्रगिरी, कर्नाटकातलंच मुंडगोड. आणि १९७२ साली महाराष्ट्रात, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, आपली ही वसाहत.

महाराष्ट्रात १९७२ म्हटलं की दुष्काळ आठवतो. राज्यभर रोजगाराच्या कामांवर खडी फोडणारी माणसं आठवतात. त्याच वर्षी राज्याच्या अगदी पूर्व टोकाला, झाडीपट्टीत, हिमालयापलीकडची माणसं जमीन साफ करीत होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तेव्हा या भागातून छोटी रेल्वे धावायची. इटियाडोह धरण नवं होतं. भोवती दाट जंगल होतं, अस्वलं आणि बिबटे होते. आणि उन्हाळा! ल्हासा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्या वर. आपण जेमतेम तीनशे मीटरवर. आपला मे महिना आपल्यालाच सोसवत नाही, तर त्या माणसांचं काय झालं असेल?

पुढे १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तिबेटी लोकांच्या बोलण्यात मात्र ही वसाहत अजूनही ‘भंडारा’च आहे. दिल्लीत किंवा धरमशाळेत एखादा तिबेटी मुलगा ‘मी भंडाऱ्याचा’ म्हणाला, तर तो बहुधा आपल्या गोठणगावचा असतो, हे लक्षात ठेवावं.

आता मुद्द्याची गोष्ट. परक्या देशात घर मिळण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे एकेकट्याने शोधणं. जिथं खोली मिळेल तिथं राहायचं, शेजाऱ्यांची भाषा शिकायची, हळूहळू त्यांच्यात मिसळून जायचं. दुसरा मार्ग म्हणजे सगळ्यांनी मिळून एकत्र राहणं. तिबेटी लोकांनी दुसरा मार्ग हट्टाने मागितला आणि भारत सरकारने तो मान्य केला. म्हणून त्यांच्या वसाहतींचा साचा सगळीकडे सारखा दिसतो. घरांच्या वस्त्या, बाजूला वाटून दिलेली शेती, मुलांची शाळा, दवाखाना, सहकारी संस्था आणि गोम्पा. वसाहतीचा कारभार पाहायला धरमशाळेहून नेमलेला अधिकारी.

याचा फायदा उघड आहे. पन्नास वर्षं उलटून गेली तरी मुलं घरात तिबेटी बोलतात, ती भाषा लिहितात, लोसार म्हणजे त्यांचं नववर्ष साजरं करतात. एकेकटी विखुरली असती तर दोन पिढ्यांत हे सगळं विरघळून गेलं असतं. परदेशी गेलेल्या आपल्याच मुलांची मुलं मराठी किती बोलतात, ते पाहा म्हणजे कळेल. तोटा असा, की शेजारी शेजारीच राहतो. आपली आणि त्यांची गाठ पडते ती बाजारात आणि बसमध्ये. आपण त्यांना नावानं ओळखत नाही आणि तेही आपल्याला ओळखत नाहीत. हा दोष एकट्या कुणाचा नाही, पण दोष आहे.

घर मिळालं तरी पोट भरायचं होतं. तिबेटात ही माणसं सातू पिकवायची, याक आणि मेंढ्या पाळायची. इथं बांधीत उतरून पऱ्हे उपटायचे, चिखलात वाकून रोवणी करायची. सातूच्या भाजलेल्या पिठाची जागा भाताने घेतली. धानाची शेती आपल्याकडे काय देते हे मी श्रोत्यांना सांगायला नको. पाऊस दगा देतो, भाव दगा देतो. घरातली माणसं वाढली, पण वाटून मिळालेली जमीन काही वाढली नाही.

मग आला स्वेटरचा धंदा. देशभरातल्या तिबेटी कुटुंबांनी तो उचलला. दिवाळीच्या सुमारास लुधियानाच्या ठोक व्यापाऱ्यांकडून माल उचलायचा, अनेकदा उधारीवर, आणि शहरोशहरी हिवाळाभर दुकान मांडायचं. नागपुरातला तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार आपल्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. माल विकला की उधारी चुकती करायची. लुधियानाचे व्यापारी त्यांना उधार देतात ते कागद पाहून नव्हे. व्यवहार चोख असतो, म्हणून देतात. मघाशी मी परदेशातल्या घरमालकाची गोष्ट सांगितली. नव्या देशात पत कशी तयार होते, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. ही जमीन आली कुठून? आपल्या पूर्व विदर्भात गोंड, हलबा आणि इतर भूमिहीन माणसं पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या कडेला राहत होती. त्यांच्या कसत्या जमिनीचा हक्क कायद्याच्या पुस्तकात यायला २००६ साल उजाडावं लागलं. अशा माणसाने ‘बाहेरच्यांना जमीन मिळाली, आम्हाला का नाही’ असं विचारलं तर त्याला संकुचित म्हणून मोकळं होता येणार नाही. प्रश्न रास्त आहे. फक्त तो तिबेटी माणसाला विचारून उपयोग नाही. जमीन वाटणाऱ्याला विचारायला हवा.

आणि बाहेरून आलेले फक्त तिबेटीच नाहीत. आपल्याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशी गावं आहेत. तिथं पूर्व बंगालातून उखडलेली बंगाली कुटुंबं वसली. त्यांनीही धान पिकवलं, मासळीचा व्यवसाय वाढवला आणि दुर्गापूजा इथं आणली. पण त्यांची वाट वेगळी झाली. ती फाळणीची माणसं होती, त्यांना नागरिक म्हणून वसवण्यात आलं. त्यांच्या गावात मतदान होतं, सरपंच होतो. तिबेटी माणसाला मात्र आपण ‘पाहुणा’ म्हटलं. पाहुणचार मनापासून केला, यात शंका नाही. पण पाहुण्याला घर मिळतं, घराची मालकी मिळत नाही.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सही नाही. त्यामुळे कागदोपत्री तिबेटी माणूस ‘विदेशी’ ठरतो. त्याच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं. पूर्वी ते दर वर्षी नवं करून घ्यावं लागे, नंतर पुष्कळांना पाच वर्षांची मुदत मिळू लागली. परदेशी जायचं तर पिवळ्या रंगाचं ओळखपत्र लागतं. वसाहतीची जमीन भाडेपट्ट्याची. त्यावर बांधलेलं घर कितीही पक्कं असलं, तरी ते तुमच्या-आमच्या घरासारखं विकता येत नाही की बँकेत गहाण ठेवता येत नाही. केंद्र सरकारने २०१४ साली तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं. त्यात वसाहतींच्या जमिनीला वीस वर्षांचा भाडेपट्टा द्यावा, रेशन आणि रोजगार हमीसारख्या योजनांचा लाभ द्यावा, असं राज्यांना सांगितलं. ही चांगलीच गोष्ट झाली. पण वीस वर्षं म्हणजे किती? आपल्याकडे माणूस घर बांधतो ते नातवाच्या लग्नाचा मांडव अंगणात पडेल या हिशेबाने.

नागरिकत्वाची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्माने भारतीय. त्यानंतर जन्मलेल्याच्या आई-वडिलांपैकी एकजण तरी भारतीय असावा लागतो. म्हणजे तिबेटातून आलेल्या एखाद्या जोडप्याचा १९८६ साली जन्मलेला थोरला मुलगा भारतीय, आणि १९८८ साली जन्मलेली त्याची धाकटी बहीण विदेशी! एकाच घरात, एकाच ताटात जेवणारी भावंडं. यातल्या थोरल्यालाही पासपोर्ट सहज मिळत नसे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली आणि पुन्हा २०१६ साली अशा तिबेटी लोकांच्या बाजूने निकाल दिले, तेव्हा दार किलकिलं झालं. २०१७ साली पासपोर्टचा मार्ग खुला झाला, पण अट आली. नोंदणी प्रमाणपत्र परत करा, वसाहतीतलं राहणं आणि तिथले लाभ सोडा.

म्हणजे नागरिक व्हायचं तर घर सोडायचं, आणि घर ठेवायचं तर विदेशी म्हणून राहायचं. विशीतल्या मुलापुढे हा पेच टाकला, तर तो काय निवडेल? पुष्कळ जण दोन्ही निवडत नाहीत. शिकतात आणि बंगळूर, दिल्ली, तिथून जमलं तर युरोप-अमेरिका गाठतात. तिथं पुन्हा तोच पहिला प्रश्न उभा राहतो, राहायचं कुठं? आणि सुरुवातीला तेही आपल्या मुलांसारखेच, ओळखीतल्या ओळखीने कुणा तिबेटी माणसाच्या घरी पथारी टाकतात. पुष्कळ वसाहतींत त्यामुळे म्हाताऱ्या माणसांची संख्या डोळ्यांत भरू लागली आहे.

जाता जाता एक छोटी गोष्ट. तिबेटी माणसाला सहसा आडनाव नसतं. ‘तेन्झिन’ हे नाव तर घरोघर सापडतं, कारण दलाई लामांच्या नावातला तो शब्द ते आशीर्वाद म्हणून मुलांना देतात. आपल्या अर्जात मात्र तीन रकाने असतात, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. खिडकीपलीकडचा कारकून तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून ‘हे भरा’ म्हणतो. मग वडिलांच्या आणि मुलाच्या कागदांवर वेगवेगळी ‘आडनावं’ पडतात आणि पुढची कित्येक वर्षं ती जुळवण्यात जातात. परक्या देशात स्थिरावणं म्हणजे अशा खिडक्यांपुढे उभं राहणंही असतं. खिडकीच्या आतल्या बाजूला आपण बसलेले असू, तर तो रकाना रिकामा सोडून अर्ज पुढे पाठवता येतो का, एवढं पाहता येईल.

गोंदियाहून गोठणगाव काही फार दूर नाही. नवेगावबांधला सहलीला जाणारे पुष्कळ आहेत, त्यांना थोडी वाट वाकडी करून तिथं जाता येईल. जायचं तर लोसारच्या सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये जावं. स्वेटरची दुकानं आवरून माणसं तेव्हा घरी आलेली असतात. ‘ताशी देलेक’ म्हणावं. नमस्काराचा शब्द आहे तो. चहा पुढे येईल. तो कधी गोड असतो, कधी लोणी-मिठाचा. लोणी-मिठाचा निघाला तर पहिला घोट सावकाश घ्यावा, सवय व्हायला जरा वेळ लागतो.