आधी खूण, मग सुई
(शिरूर अनंतपाळ येथील बैठकीतलं मनोगत)

मी तुमच्या लेकीच्या वयाची, शिवणकाम तुमच्याइतकं मला येत नाही. पण मागच्या लगीनसराईत आपल्या एका ताईला गिऱ्हाइकाचा ब्लाऊजपीस भरून द्यावा लागला. पाठीवरचा मोठा मोर दोन फ्रेममध्ये करायचा होता. दुसऱ्या वेळी कापड अंदाजानं लावलं. मान एकीकडे, पिसारा अर्धं बोट दुसरीकडे. मशीन चुकलं नव्हतं, खूणच नव्हती.

म्हणून एवढं करा. ब्लाऊज कापायच्या आधीच भरा. कापडाला इस्त्री करून पाठीच्या मध्यावर उभी रेघ मारा, तिला काटकोनात आडवी. डिझाईन खऱ्या मापात कागदावर काढा, त्यावरही तशीच फुली. दोन्ही फुल्या जुळवून टाचण्या लावा आणि प्रत्येक फ्रेमचा मध्य कापडावर खुणवा. फ्रेम बसवली की चाक हातानं फिरवून सुई फुलीवरच येते का बघा, मगच मशीन चालू.

रेघेला साबणाची चिपटी चालते. पाण्यानं जाणारा पेन वापरला तर धुण्याआधी इस्त्री नको, डाग पक्का बसतो. आधी चिंधीवर बघा.

खुणेला दहा मिनिटं जातात, जाऊ द्या. गटाचा हप्ता याच ब्लाऊजच्या पैशातून भरायचाय ना?