आई-वडिलांचा आरोग्यविमा आणि आपले कर्तव्य
(क्लेटन येथील मेळाव्यातील भाषण)



आई-वडिलांच्या आरोग्यविम्याविषयी चार शब्द बोलण्याची जबाबदारी आमच्यावर सोपविण्यात आली आहे. विषय रुक्ष आहे खरा; परंतु तो वेळीच समजून घेतला नाही, तर एकाच आजारपणात आयुष्यभराची बचत संपू शकते.

ऑस्ट्रेलियात १ फेब्रुवारी १९८४ पासून मेडिकेअर योजना सुरू आहे. तिच्यासाठी बहुतेक करदाते करपात्र उत्पन्नाच्या २ टक्के रक्कम भरतात. मुलगा-सून कर भरतात, तेव्हा आई-वडीलही योजनेत आलेच, असा समज आपल्या अनेक घरांत आढळतो. हा समज घातक आहे. हा हक्क मुलाच्या नागरिकत्वावरून ठरत नाही, तसाच वयावरूनही नाही. तो आई-वडिलांच्या स्वतःच्या व्हिसावरून ठरतो.

भेटीच्या व्हिसावर आलेल्या भारतीय पालकांना मेडिकेअर मिळत नाही. ब्रिटन, इटली, न्यूझीलंड अशा ११ देशांशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवेचा करार आहे. त्यांत भारत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ८७० क्रमांकाच्या तात्पुरत्या पालक व्हिसावरही खाजगी विमाच घ्यावा लागतो. कायमच्या पालक व्हिसासाठी नुसता अर्ज केल्यानेही हक्क प्राप्त होत नाही. तोवर चांगला खाजगी विमा हाच आधार होय. जुन्या आजारांविषयीच्या त्याच्या अटी आधीच वाचून घ्याव्यात.

कायमचा व्हिसा मंजूर होऊन आई-वडील येथे राहू लागले की मात्र विलंब करू नये. कार्ड आपोआप घरी येत नाही. सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाच्या केंद्रात किंवा मायगव्ह खात्यातून नोंदणी करावी लागते. त्यासाठी पारपत्र, व्हिसाची माहिती आणि येथील वास्तव्याचे पुरावे लागतात. इंग्रजी येत नसल्यास दुभाषाची मागणी करता येते.

कित्येक ज्येष्ठ, 'मुलाने हमी दिली आहे, खर्च त्याच्या डोक्यावर बसेल' या भीतीने दुखणे अंगावर काढतात. त्या हमीखाली वसुली होते ती ठराविक सरकारी भत्त्यांची. मेडिकेअरच्या उपचारांची नव्हे. आपल्या क्लेटन रोडवरील मोनॅश मेडिकल सेंटरसारख्या सार्वजनिक रुग्णालयात मेडिकेअरधारकास सार्वजनिक रुग्ण म्हणून विनामूल्य उपचार मिळतात. ७५ वर्षांवरील व्यक्तींना वर्षातून एकदा संपूर्ण आरोग्यतपासणीची सोय आहे. मात्र व्हिक्टोरियात रुग्णवाहिकेचा खर्च मेडिकेअर देत नाही. त्यासाठी वेगळे सभासदत्व घ्यावे. चष्मा आणि बहुतेक दंतोपचारही तिच्या कक्षेबाहेर आहेत.

ज्यांचे आई-वडील मायदेशीच आहेत, त्यांनीही गाफील राहू नये. ऑक्टोबर २०२४ पासून भारतात आयुष्मान भारत योजना ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, खुली झाली. कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. तेथेही आधारच्या साहाय्याने नोंदणी करून कार्ड काढावेच लागते. ते कार्ड येथे मात्र चालत नाही.

बंधू-भगिनींनो, १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याविषयीचा प्रा. अडारकर यांचा अहवाल सादर झाला आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारपणात श्रमिकाला कोणाच्या दयेवर राहावे लागू नये, हा त्यामागील विचार आहे. तोच विचार आपल्या घरातील वृद्धांनाही लागू पडतो.

म्हणून आमची नम्र विनंती अशी की, येत्या रविवारी प्रत्येक घरात आई-वडिलांसह बसून त्यांचा व्हिसा आणि विमा तपासावा, आणि जे कार्ड मिळेल ते त्यांच्या स्वतःच्या हाती द्यावे. आपल्या आजाराबद्दल मुलापुढे संकोचाने बोलावे लागणार नाही, एवढा विश्वास त्यांना देणे हे आपले कर्तव्य आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!