कानबाईची आरती आणि कोयत्याचा हिशेब

(बारडोली येथील मेळाव्यात केलेले भाषण)



नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या घरी कानबाई बसते. भाऊबंद जमतात, रोट होतात, रात्र जागवली जाते. सोमवारी निरोप देताना भल्याभल्यांचे डोळे भरून येतात. खान्देश सोडून सुरत जिल्ह्यात आलो तरी आम्ही ही परंपरा सोडली नाही, याचा आम्हाला अभिमान आहे.

पण बारडोलीत उभे राहून स्त्रीच्या सन्मानाबद्दल बोलायचे तर एवढ्यावर थांबता येत नाही. सरकारने इथला शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला, तेव्हा १९२८ च्या लढ्यात जप्ती चुकवण्यासाठी माणसे गुराढोरांसह घरात कोंडून राहिली. तो कोंडलेला संसार बायकांनी निभावला. मिठुबेन पेटिट, भक्तिबा देसाई, मणिबेन पटेल गावोगाव हिंडल्या. (मिठुबेन तर मुंबईच्या धनवान पारशी घराण्यातल्या!) वल्लभभाईंना ‘सरदार’ ही पदवी इथल्या स्त्रियांनीच दिली असे सांगतात. पुढे चौकशी होऊन वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली.

आता आजचे बोलू. दिवाळी झाली की धुळे, नंदुरबार, डांगकडून ऊसतोडीच्या टोळ्या इथे उतरतात. माणसे आपल्याच मुलखाची. मुकादमाच्या वहीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊस तोडायचा दोघांनी. मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहणे बहुधा तिच्याकडे. पहाटेचा स्वयंपाक, पाणी आणि लेकरू तर तिचेच. उचल मात्र त्याच्या हातात, हिशेब त्याच्या नावावर. ती आजारी पडली तर सारा कोयताच बंद पडतो, म्हणून ती दुखणे अंगावर काढते. बीडकडच्या ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये इतका गाजला की महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

आणि हे मुकादम कोण परके आहेत काय? काही जण आपल्याच ओळखीचे, कानबाईच्या आरतीला आपल्या शेजारी टाळ्या वाजवणारे. हे बोलायला जड जाते, पण बोलले पाहिजे.

आमचे म्हणणे एवढेच, की वहीत तिचे नाव वेगळे लिहावे, तिच्या वाट्याची मजुरी तिच्या खात्यात जावी आणि पडावावर पाणी व संडास असावा. येत्या हंगामाआधी आम्ही हे निवेदन घेऊन कारखान्याकडे आणि मुकादमांकडे जाणार आहोत. पहिल्या सह्या भगिनींच्या हव्यात. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठाही चालेल. कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे.