लंडनचे घड्याळ कोरेगाव भीमात



लंडनमध्ये अचूक लावलेले, माणसाहून उंच असे लंबकाचे घड्याळ कोरेगाव भीमाला आणून उभे केले, तर ते रोज साधारण दोन मिनिटे मागे पडेल. त्यात बिघाड काही नसेल. विषुववृत्ताकडे यावे तसे गुरुत्वाकर्षण किंचित कमी होते. त्यात कोरेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, म्हणून लंबक संथ होतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ रिशे याला १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कायेन येथे हाच अनुभव आला होता. इलाज सोपा आहे. लंबकाचा गोळा सुमारे तीन मिलिमीटर वर घ्यायचा.

ही घड्याळे इतकी उंच का? एका झोक्याला एक सेकंद लागायचा, तर लंबक जवळजवळ एक मीटर लांब हवा. शिवाय आठ दिवस हळूहळू खाली उतरणाऱ्या वजनांनाही जागा हवी.

घड्याळे घडवण्याची ही विद्या नात्यागोत्यात वाढली. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ घडवले. पुढच्याच वर्षी लंडनच्या फ्रोमान्टील घराण्याने आपला मुलगा जॉन याला हेगच्या कारागिराकडे पाठवले आणि १६५८ मध्ये तशा घड्याळांची जाहिरात दिली. नामवंत घड्याळजी टॉम्पियनचा पुतणजावई जॉर्ज ग्रॅहम यानेही एक अडचण सोडवली. उन्हाळ्यात लंबकाची दांडी लांबते आणि घड्याळ मागे पडते. पोलादी दांडी असेल, तर दहा अंश तापमान वाढताच दिवसाला सुमारे पाच सेकंदांचा फरक पडतो. ग्रॅहमने त्यावर पाऱ्याचा लंबक काढला.

मला सर्वांत मोठे वाटतात ते हॅरिसन बंधू. लिंकनशरमधल्या सुताराची ही मुले. जॉनने १७१३ मध्ये उभे घड्याळ केले, त्याची चाकेही लाकडाची. पुढे दोघा भावांनी पितळ आणि पोलाद यांच्या दांड्या शेजारी शेजारी बसवून, एकीची वाढ दुसरीने फेडावी असा लंबक तयार केला. मोठे शिक्षण नव्हते. लाकूड आणि धातू कसे वागतात, याची जाण मात्र पक्की होती.

तुमच्या जुन्या वाड्यात असे घड्याळ असेल, तर ते मोडीत देऊ नका. तबकडीवरचे नाव वाचून टिपून ठेवा. घड्याळ ओळंब्यात उभे करा, ठरल्या वारी किल्ली द्या आणि गोळा थोडा थोडा सरकवून वेळ जुळवा.