शिसव, सरस आणि गिटार

गिटार तारांमुळे वाजते असं आपण सगळेच समजतो. पण नुसती तार दोन खिळ्यांना बांधून छेडून पाहा. डासाच्या गुणगुणीएवढा आवाज येईल. तो मोठा करते ती तारांखालची लाकडी फळी. सतारीत तिला तबली म्हणतात. ही फळी जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची, आणि सहा पोलादी तारा तिला सुमारे ७० किलोंच्या ताणाने ओढत असतात. म्हणजे एक धडधाकट माणूसच टांगलेला! फळी जाड ठेवली तर टिकते, पण गप्प बसते. फार पातळ केली तर छान बोलते आणि लवकर फुगते, फाटते.

पन्नाशी उलटल्यावर मी सुट्या भागांचं किट आणून गिटार बनवायला घेतली. अब्बा सुतार होते. मी बी. ए. व्हावं म्हणून त्यांनी मला रंध्याला हात लावू दिला नाही. "तुझ्या हातात लेखणीच राहू दे," म्हणायचे. त्यांच्या माघारी त्यांची पेटी राहिली. रंधा, पटाशी, कानस.

किटमध्ये बाजूच्या पट्ट्या वाकवलेल्या मिळतात, पडद्यांच्या खाचाही पाडलेल्या असतात. माझ्या गिटारीची पाठ शिसवाची. ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ मध्ये बंदी आली. त्याआधीच जगातले अनेक गिटारवाले भारतीय शिसवाकडे वळले होते. आपल्याकडे याच लाकडाचे पलंग आणि देव्हारे झाले.

तबलीला आतून आधाराच्या काठ्या चिकटवतात. जर्मनीहून १८३३ मध्ये अमेरिकेला गेलेल्या मार्टिन यांच्या गिटारींत १८४० च्या दशकात त्या फुलीच्या आकारात आल्या. आजही पोलादी तारांच्या गिटारीत बहुधा तीच पद्धत असते. हे काम मी पावसाळा सरेपर्यंत थांबवून ठेवलं. दमट हवेत फुगलेलं लाकूड जखडलं, तर कोरड्या हवेत ते आक्रसून चिरतं. चिकटवायला घेतला जुना, गरम करून लावायचा सरस. ऊब आणि ओल दिली की तो सुटतो, म्हणून कित्येक वर्षांनीही वाद्य उघडून दुरुस्त करता येतं. कडेच्या बारीक पट्ट्या दाबून धरायला बायकोचे कपडे वाळत घालायचे चिमटे कामी आले.

मग काठ्या तासायच्या. नकाशात माप असतं, पण प्रत्येक फळी वेगळी. पटाशीचा एक हात मारायचा, बोटाने टिचकी द्यायची आणि ऐकायचं. आधीचा बंद, ठक्क आवाज हळूहळू घुमू लागतो. थांबायचं कुठे, ते कान आणि बोटं मिळून ठरवतात. कवितेतला शब्द काढताना मी हेच करत आलो, आणि लोक त्याला व्यासंग म्हणतात. अब्बाही फळी तासताना अशीच टिचकी द्यायचे. त्याला कुणी व्यासंग म्हटलं नाही.

गिटार तयार झाली. ती शेजारचा मुलगा वाजवतो, मी ऐकतो.

मुलांनी पदवी घ्यावी म्हणून ज्यांनी जन्मभर रंधा, सुई, थापी धरली, त्यांच्या बोटांतलं ज्ञान कुठल्याच गुणपत्रिकेवर आलं नाही. तुमच्या घरी असं कुणी हयात असेल, तर आज त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "हात कुठे थांबवायचा, हे तुम्हाला कसं कळतं?"